उघड्यावर पुरलेला अक्रोड

आमच्या बैठकीच्या खोलीत, दिवाणापासून दोन हातांवर, फरशीत एक अक्रोड पुरलेला आहे. तो सर्वांना स्वच्छ दिसतो, कारण फरशीला माती नसते. पण ज्या खारीने तो तेथे ठेवला तिने आधी पुढच्या पंजांनी त्या गुळगुळीत लादीवर खणण्याची सगळी क्रिया केली, अक्रोड खाली ठेवून नाकाने तीन-चार वेळा दाबला, नसलेली माती दोन्ही बाजूंनी त्याच्यावर ओढली, थोपटली आणि काम मनासारखे झाल्याच्या खात्रीने ती निघून गेली. तिच्या लेखी तो अक्रोड आता जमिनीखाली आहे. घरातली माणसे त्याला वळसा घालून जातात आणि केर काढताना झाडूही त्याच्या भोवतीने फिरतो. सुरुवातीला आम्ही असे अक्रोड उचलून डब्यात ठेवत असू. परंतु तासाभराने ती परत येऊन नेमक्या त्याच लादीवर नाक लावून शोधू लागे, पुन्हा पुन्हा तेथेच उकरी, आणि ते पाहणे आम्हाला जड जाई. म्हणून आता घरातल्या सगळ्यांनी तो अक्रोड न दिसण्याचे ठरवले आहे.

ही खार सात वर्षांची आहे. मी खार पाळली आहे असे लोक म्हणतात आणि मीही बोलण्याच्या ओघात तसे म्हणते, पण ते क्रियापद दरवेळी थोडे अडते. आपण कुत्रा पाळतो, तसेच वचन पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो. पहिल्या वापरात आपण धनी असतो आणि उरलेल्या सगळ्यांत बांधलेले असतो. सात वर्षांच्या अनुभवानंतर खारीच्या बाबतीत मला पथ्याचा अर्थ अधिक जवळचा वाटतो. पथ्य पाळणाऱ्या माणसाची दिनचर्या, प्रवास, झोप, घराची रचना, पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या सूचना या सर्वांवर त्या पथ्याची छाया असते, आणि माझ्या आयुष्यावर तशी एका मूठभर प्राण्याची आहे.

ती आली तेव्हा मूठभरही नव्हती. वादळानंतरच्या सकाळी मोडलेल्या फांदीसह खाली आलेल्या घरट्याजवळ ते पिल्लू पडले होते. डोळे मिटलेले, अंगावर लव जेमतेम उमटलेली, आणि डोके शरीराच्या मानाने इतके मोठे की ते त्याला उचलवतही नव्हते. मी इकडेतिकडे पाहिले, दहा मिनिटे थांबले आणि त्याला रुमालात गुंडाळून घरी आणले. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आईची वाट किती वेळ पाहिलीत?" मी अभिमानाने दहा मिनिटे म्हणाले. त्यांनी काहीच म्हटले नाही, फक्त चष्मा काढून पुसला. नंतर त्यांनी समजावले की खारीची मादी बहुतेकदा एकाहून अधिक घरटी राखून असते, आणि पिल्लू खाली पडले तर ती त्याला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. पिल्लाला जखम नसेल तर त्याला ऊब देऊन, उघड्या खोक्यात घालून त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवावे आणि दूर जाऊन काही तास वाट पाहावी. मी बुंध्याशी उभी असेपर्यंत कोणतीही शहाणी खार खाली उतरणार नव्हती. म्हणजे ज्या दहा मिनिटांना मी वाट पाहणे समजत होते, त्या दहा मिनिटांत मीच त्या आईची वाट अडवून उभी होते. पिल्लू परत नेऊन ठेवायला मी तशीच धावले, तर तोवर पडलेल्या फांद्यांबरोबर ते अर्धे मोडलेले झाडही कापून नेलेले होते.

पहिल्या रात्री मी तिला गाईचे दूध पाजले, ही दुसरी चूक. खारीच्या पिल्लाच्या पोटाला ते सोसत नाही. जुलाब लागतात आणि एवढ्याशा शरीरातले पाणी काही तासांत आटते. पशुवैद्यांनी कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी सांगितली आणि सुई काढलेली, अगदी लहान मापाची सिरिंज दिली. गारठलेल्या पिल्लाला कधीही पाजायचे नाही, आधी गरम पाण्याच्या पिशवीवर जाड कापड घालून त्याला ऊब द्यायची, कारण थंड शरीर दूध पचवू शकत नाही. पाजताना त्याला पालथे, थोडे उभट धरायचे आणि थेंबाथेंबाने द्यायचे, कारण घाई झाली तर दूध नाकातून फुप्फुसात उतरते आणि मग न्यूमोनियाला थारा मिळतो. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाच्या बोळ्याने त्याच्या पोटाखाली हलकेच चोळायचे, कारण एवढ्या लहान वयात आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीही होत नाही. हे शेवटचे ऐकून मी थोडी हादरले. आपण एखाद्या जिवाचे आईपण घेतो असे सहज म्हणतो, पण त्यात हा बोळा मी कधी धरला नव्हता. दर तीन तासांनी गजर लावून मी उठत असे, आणि अंधारात त्या सिरिंजला दोन्ही पंजांनी कवटाळणारे ते बोटभर शरीर पाहून मला जे वाटे, ते इतके गोड होते की आता त्याच्याकडे मी थोड्या संशयाने पाहते.

ती करडी खार, मूळ अमेरिकेतल्या जातीची. करड्या खारीच्या पिल्लाचे डोळे साधारण चार ते पाच आठवड्यांनी उघडतात. तिचे उघडले तेव्हा समोर मी होते. त्यानंतरचे दोन महिने म्हणजे खार पाळण्याच्या कल्पनेची सगळी जाहिरात: ती खांद्यावर झोपे, बाहीत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर येई, नखे रोवून पाठीवरून डोक्यावर चढे आणि तेथून पडद्यावर झेप घेई. मोबाइलवर फिरणारी खारींची जवळपास सगळी चित्रफीत याच वयातली असते. पुढे काय होते, हे चित्रित करायला बहुधा कोणाचा हात मोकळा नसतो.

या मोहाला मोठा इतिहास आहे, आणि तो साखळीला बांधलेला आहे. हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५२६ ते १५२८ च्या सुमारास रंगवलेले एका स्त्रीचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्या हातावर तांबडी खार बसून काहीतरी कुरतडते आहे आणि खारीच्या गळ्यापासून बारीक साखळी निघाली आहे. जॉन सिंगलटन कॉप्लीने १७६५ मध्ये आपल्या सावत्र भावाचे चित्र काढले, त्यात मुलाच्या बोटांत सोन्याची नाजूक साखळी आणि तिच्या टोकाला उडणारी खार. दोन्ही चित्रांत खार शांत आहे. माझ्या अनुभवात एवढा वेळ शांत बसलेली खार एक तर खात असते किंवा आजारी असते. बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेहून मागवून लंडनमधल्या एका स्नेह्याच्या मुलींना खार भेट दिली होती. मंगो नावाची ती खार पिंजऱ्यातून निसटली आणि एका कुत्र्याच्या तोंडी गेली, तेव्हा १७७२ मध्ये फ्रँकलिनने त्या घरातल्या मुलीला पत्र लिहून मंगोसाठी गंभीर थाटाचा मृत्युलेख रचून पाठवला. ते पत्र विनोदी आहे. तरीही त्यातली खार समुद्र ओलांडून आली होती आणि बागेच्या कडेला मेली, एवढे विनोदाखाली उरतेच.

दातांविषयी सांगायला हवे, कारण आमच्या घराचे आजचे रूप त्यांनीच घडवले आहे. खारीचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. करड्या खारीत ही वाढ वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर भरते. ते झिजवत राहणे हा तिच्यासाठी श्वासोच्छ्वासाइतकाच नित्याचा व्यवहार आहे, आणि झिजले नाहीत तर वाकडे वाढून तोंडच मिटू देत नाहीत. आमच्या दारांच्या चौकटी, खुर्च्यांचे पाय, दोन चार्जर, एका शब्दकोशाचा पुठ्ठा आणि लाकडी देव्हाऱ्याचा डावा कोपरा यांनी त्या व्यवहारात आपापला वाटा उचलला आहे. खारीचा वाटा ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. विजेच्या तारा आता सगळ्या नळ्यांतून जातात आणि तिच्या खोलीत ताज्या फांद्या नेमाने आणून टाकाव्या लागतात. कोणत्या झाडाची फांदी चालेल आणि कोणत्या झाडावर औषध फवारले असण्याचा संभव आहे, हे मला आता माझ्या नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा चांगले लक्षात राहते.

पाचव्या महिन्यात ती मागचा उजवा पाय ओढू लागली. मला वाटले, कोठून तरी पडली. पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढले आणि दिव्यासमोर धरले. त्यात हाडे अशी पुसट दिसत होती, जणू कोणी ती पेन्सिलने काढून खोडून टाकायला घेतली होती. तुम्ही तिला काय खायला देता, त्यांनी विचारले. ती मागेल ते, मी म्हणाले. ती अक्रोड आणि सूर्यफुलाच्या बिया मागत असे, आणि मला वाटे, खारीला यापेक्षा योग्य खाणे कोणते असणार. अक्रोडात कॅल्शियमच्या तिपटीहून अधिक फॉस्फरस असतो, सूर्यफुलाच्या बियांत तो आठपटीच्याही पुढे जातो. आणि वाढत्या खारीला हे प्रमाण नेमके उलटे, कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असे लागते. रक्तात कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून घेते. रानातली खार पाने, कळ्या, साली, बुरशी, किडे खाते, सापडलेली हाडे आणि सांबराहरणांची गळून पडलेली शिंगेही कुरतडते. शिवाय उन्हात वावरत असल्याने तिच्या शरीरात जीवनसत्त्व ड तयार होते. ऊन तर तिला मिळते, मी म्हणाले, ती रोज दुपारी खिडकीत बसते. खिडकीला काच आहे का, त्यांनी विचारले. ज्या अतिनील किरणांमुळे ते जीवनसत्त्व तयार होते, ते खिडकीची साधी काच जवळपास सगळेच अडवते. म्हणजे ती रोज तासभर केवळ उजेडात बसत होती.

माझ्या सगळ्या चुकांमध्ये मला सर्वांत अधिक छळते ती ही, कारण ती मायेच्या पोटी झालेली होती आणि मायेत असल्यामुळे मला ती तपासावीशीही वाटली नाही. कॅल्शियम, बदललेला आहार, विशिष्ट दिवा आणि गच्चीवरच्या जाळीतले खरे ऊन यांनी ती वाचली, पण पाय वाकडा जुळला. झाडावरून खाली डोके करून उतरताना खार मागच्या पायाचे घोटे जवळजवळ पूर्ण उलटे फिरवते आणि नखांनी खोडाला टांगून राहते. त्या घोट्यांवाचून झाड तिच्यासाठी केवळ वर जाणारा रस्ता उरतो. तिला सोडायचे ठरवून मी दोन महिने तयारी केली होती. ती रानात जगणार नाही, असे पशुवैद्यांनी लिहून दिले, त्या अहवालावर तिला ठेवण्याची रीतसर परवानगी मिळाली आणि अशा रीतीने माझ्या हातून अपंग झालेल्या खारीची मी अधिकृत पालक झाले.

वर्षाची होता होता ती मला पहिल्यांदा चावली. कपाटातल्या लोकरीच्या कपड्यांमागे तिने साठा केला होता आणि मी स्वेटर काढायला हात घातला. अंगठ्याच्या नखातून दात आरपार गेला. वयात आलेल्या खारीचे हे नेहमीचे वागणे आहे, हे मला पशुवैद्यांनी आधीच सांगितले होते; ऐकलेले मात्र आता पटले. रशियात दिमित्री बेल्यायेव्ह या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये चंदेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीत माणसाला सर्वांत कमी बिचकणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास करायची, एवढीच त्याची पद्धत होती, आणि काही पिढ्यांतच माणसाला पाहून शेपूट हलवणारी पिल्ले जन्माला येऊ लागली. तो बदल कोणा एका कोल्ह्याच्या मनात झालेला नव्हता, तो वंशात झालेला होता. कुत्र्याच्या मागे अशा हजारो वर्षांच्या पिढ्या उभ्या असतात. माझ्या खारीच्या मागे तिची आई होती, आणि ती झाडावर राहत होती. तेव्हा तिला मी हातावर वाढवले तरी ती माणसाळलेली रानटी खार आहे. माझ्याजवळ असताना ती तिचे रान विसरलेली नसते, तिला फक्त ते सापडत नसते.

छंद म्हणून परदेशी खारी बाळगणाऱ्यांचे जग मी जवळून पाहिलेले नाही, पण त्या जगातली एक गोष्ट मनातून जात नाही. जर्मनीत २०११ ते २०१३ या काळात मेंदूच्या सुजेने तीन वयस्क पुरुष दगावले. ते तिघे एकमेकांचे परिचित होते आणि तिघेही मध्य अमेरिकेतल्या रंगीबेरंगी खारींची हौसेने पैदास करत. त्या खारींत तोवर ठाऊक नसलेला बोर्ना कुळातला विषाणू होता, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. खारी वरवर निरोगी होत्या. दुसऱ्या बाजूने खारींनाही या हौसेची किंमत मोजावी लागली आहे: इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या बागांची शोभा म्हणून १८७६ पासून सोडल्या गेलेल्या अमेरिकी करड्या खारींनी तिथल्या तांबड्या खारीला देशाच्या बहुतेक भागातून हुसकले, काही खाण्याच्या स्पर्धेने आणि काही स्वतः न मरता वाहून नेलेल्या देवीसारख्या रोगाने. युरोपीय संघाने २०१६ मध्ये उपद्रवी परक्या प्रजातींची पहिली यादी काढली तेव्हा तीत चार प्रकारच्या खारी होत्या, आणि त्यांतली सायबेरियातली पट्टेरी खार तर वर्षानुवर्षे दुकानांतून पाळीव प्राणी म्हणून विकली जात होती.

आणि पीनट. न्यूयॉर्क राज्यात एका घरात सात वर्षे राहिलेली, इंटरनेटवर लाखोंनी पाहिलेली ती खार, परवाना नसल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली. कारवाईत ती एकाला चावली आणि रेबीजच्या तपासणीसाठी तिला मारण्यात आले. तपासणीत रेबीज निघाला नाही. त्या दिवसांत मला कित्येकांनी ती बातमी पाठवली, कोणी हळहळून, कोणी मला सावध करायला. मी दोन रात्री नीट झोपले नाही. अधिकाऱ्यांचा मला राग आला आणि आजही आहे. पण त्या रागात एक अडचण होती: सात वर्षे परवाना नसणे ही त्या माणसाच्या मायेतलीच एक फट होती, आणि काचेच्या खिडकीत बसवलेल्या खारीच्या मालकिणीला अशा फटी लगेच ओळखू येतात.

बंदिवासात करड्या खारी वीस वर्षांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत. रानात बहुतेक खारी पहिले वर्षही ओलांडत नाहीत, म्हणून लोक मला सांगतात की तू तिला आयुष्य दिलेस. मी बोलत नाही. सात वर्षांत मी सलग चार दिवसांहून अधिक घराबाहेर राहिलेले नाही, आणि तेव्हाही माझ्या बहिणीने तिच्यासाठी येऊन राहण्याची तयारी दाखवली म्हणूनच. बहिणीला ती दोनदा चावली आहे.

राहता राहिला प्रश्न, तिच्या लेखी मी कोण. बरीच वर्षे मला याचे उत्तर माहीत आहे असे वाटे. ती माझ्या सदऱ्याच्या खिशात बदाम पुरत असे. खिशाच्या तळाशी उकरायची, बदाम ठेवायची, वरून कापड थोपटायची. कधी कॉलरमागे, कधी ओल्या केसांत. लोकांना ते प्रेम वाटे. मला कळत होते की ती मला झाडांत धरते आहे: उबदार, हलणारे, खिसे असलेले एक झाड. त्यात मला कमीपणा वाटला नाही. खारींची पुरल्या जागांची आठवण पक्की असते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात करड्या खारींनी बारा-बारा दिवसांनंतरही स्वतः पुरलेली फळे शेजारच्या खारींनी जवळच पुरलेल्या फळांपेक्षा अधिक संख्येने शोधून काढली होती. तशा एका आठवणीत आपली कॉलर नोंदलेली असावी, हे मला पुरेसे होते.

मग दोन वर्षांपूर्वी पावसाळी दिवसांत खिशातल्या एका बदामाला बुरशी आली आणि तिच्या देखत मी तो काढून टाकला. तिने पाहिले. त्यानंतर आठवडाभर ती माझ्या अंगावर काही पुरायला आली नाही, आणि आली तेव्हा तिने सगळा विधी पूर्वीसारखाच केला. उकरले, तोंड खाली घातले, नाकाने दाबले, थोपटले. ती गेल्यावर मी खिसा चाचपला तर तो रिकामा होता. बदाम तिच्या तोंडात तसाच होता आणि तो घेऊन ती पडद्यामागे चालली होती. दुसरी खार पाहत असली की करड्या खारी असेच करतात, रिकामा खड्डा खणून तो बुजवतात, म्हणजे पाहणाऱ्या चोराने तेथेच उकरत बसावे. हे मला वाचून ठाऊक होते. तरी मी दिवाणावर बसून राहिले आणि मला हसू आवरेना, कारण झाडाला कोणी फसवत नाही.

तेव्हापासून हे रोजचे झाले आहे. संध्याकाळी ती वाकड्या पायाने माझ्या गुडघ्यावरून वर चढते, खिशात डोके घालते, बराच वेळ मन लावून काहीही पुरत नाही, आणि मग मान काढून माझ्याकडे एकदा पाहते. मी छताकडे पाहत असते. ती उतरते, दातांत अक्रोड धरून फरशी ओलांडते, आणि ती पडद्यामागे पोचेपर्यंत मी मान वळवत नाही.